नकाशात नसलेला घाट

भोरला आषाढात दिवस दुपारीच मावळतो. रायरेश्वराकडून आलेला पाऊस आधी रोहिड्याचा डोंगर गिळतो, मग नीरेवरचा पूल, मग तुमची गल्ली. अशा वेळी लॅपटॉप उघडून ‘एज ऑफ एम्पायर्स’ लावण्याशिवाय दुसरं करणार काय? तुम्ही पहिला भाग लावलाय, १९९७ सालचा, २०१८ मध्ये नव्या रंगरूपात आलेला. अश्मयुगातून निघायचं आणि लोहयुगापर्यंत चढत जायचं. हाताशी एक नगरकेंद्र, तीन गावकरी आणि भोवती सगळा काळा नकाशा. पाऊल पडेल तेवढाच तो उजळणार.

खेळाचं एक बरं असतं. ते तीन गावकरी कधी विचारत नाहीत की आमचं गाव कोणतं, मजुरी किती, बायकोमुलं कुठं ठेवायची. झुडपाकडे बोट दाखवलं की फळं वेचतात, झाडाकडे दाखवलं की लाकूड तोडतात.

संस्कृती निवडा, असं पडदा सांगतो. मूळ यादीत बारा नावं आहेत. इजिप्त, ग्रीस, बॅबिलोन, असीरिया, सुमेर, पर्शिया, पार चीनचे शांग, जपानचे यामातो आणि कोरियाचे चोसोनसुद्धा. पुढच्या वर्षीच्या पुरवणीत रोम, कार्थेज, मॅसिडोनिया आणि पाल्मायरा आले. सातवाहन नाहीत. पैठण, जुन्नर, नाशिक या पट्ट्यावर ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राज्य केलं, त्यांना प्राचीन जगात जागा नाही. दुसऱ्या भागात भारतीय आले, २०२२ मध्ये त्यांचे गुर्जर, द्रविड, बंगाली असे वेगवेगळे गटही झाले, पण तो मध्ययुगाचा खेळ. रुसून उपयोग नाही. तोंडदेखले ग्रीक घ्या आणि नकाशा स्वतः तयार करा. तेवढी सोय खेळात पहिल्यापासून आहे.

तर नीरा काढा. वरंध घाटाच्या माथ्याकडे, शिरगावला ती उगम पावते, पूर्वेला वळते, भोरवरून शिरवळकडे जाते. तिच्या उत्तरेला वेळवंडी, त्यापलीकडे गुंजवणी आणि कानंदी, म्हणजे राजगड-तोरण्याच्या पायथ्याची वेल्ह्याची खोरी. पश्चिमेला सह्याद्रीची धार. आणि इथं पंचाईत होते. या खेळात कडा काढला की तो कुणालाच ओलांडता येत नाही. टेकडी काढता येते, उंचावरून मारा करणाऱ्याला थोडा फायदाही मिळतो, पण एकंदरीत डोंगर म्हणजे आडवं आलेलं काहीतरी. मग कड्यात एक चौकोन मोकळा सोडा, तो वरंध. वर केळदपाशी आणखी एक, तो मढे घाट. त्याच्या शेजारी उपांड्या. बाकीच्या वाटा वेल्ह्याच्या बाजारात कुणालाही विचारा, चहा संपायच्या आत चार तरी सांगेल. सगळ्या सोडून झाल्यावर बघा, तुमच्या भिंतीची चाळण झालेली असते आणि संगणकाचे सैनिक वाटेल त्या भोकातून आत शिरतात.

माउस खाली ठेवा. पुढचं पायी आहे.

काळ उतरताना घाई करू नका. संस्थानातला राजवाडा मागे पडतो. भाटघरच्या धरणाची भिंत नाहीशी होते आणि वेळवंडी मोकळी वाहू लागते. नसरापूरचं बनेश्वर बांधायला अजून पेशवाई यायची आहे. पहिला थांबा कारी गावात, जेध्यांच्या वाड्यात, जून १६५९. पडवीत उभे राहा, कुणी हटकलं तर घोड्यांच्या चाऱ्याला आलोय म्हणा. आत कान्होजी जेध्यांच्या हातात विजापूरचं फर्मान आहे. अफजलखानाला जाऊन मिळा, नाहीतर बरं होणार नाही.

तुमच्या खेळात या कामाला पुजारी असतो. तो हात उंचावतो, ‘वोलोलो’ असं काहीतरी म्हणतो, आणि समोरचा शिपाई पटकन अंगरख्याचा रंग बदलतो. त्या शिपायाला घर नाही, वतन नाही, म्हणून त्याला प्रश्नही पडत नाही. कान्होजींना पाच मुलगे आहेत आणि रोहिड खोऱ्याची देशमुखी आहे. मुलांना घेऊन ते शिवाजी महाराजांकडे जातात. वतन राखायचं तर खानाकडे जा, असं महाराजच त्यांना सांगून बघतात, आणि कान्होजी वतनावर पाणी सोडतात. जेध्यांच्या करिन्यात ही हकिकत आहे. याच मुलखात उत्रौलीचे खंडोजी खोपडे उलटा हिशेब मांडतात आणि खानाला मिळतात. खान पडल्यावर रदबदलीमुळे त्यांचा जीव वाचतो, पण एक हात आणि एक पाय जातो. पुजाऱ्याचं मंत्र म्हणणं या दोन घरांपुढे फार पोरकट वाटतं, खरं सांगायचं तर.

तोरण्यावरही डोकावून घ्या. गडाची दुरुस्ती करताना धन सापडलं आणि त्यातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभा राहिला, ही परंपरेनं आलेली गोष्ट तुम्ही शाळेत वाचलेली आहे. खेळणाऱ्याला ती लगेच ओळखीची वाटते, कारण खेळातही ‘कॉइनेज’ एवढा शब्द टंकला की एक हजार सोनं फुकट जमा होतं. सोनं आलं की किल्ला झाला, इतकं ते सोपं. राजगडावर पद्मावती माचीचं तळं नसतं, तर संजीवनीचे दुहेरी चिलखती बुरूज काय चाटायचे होते? पाणी हा प्रकार खेळात मोजतच नाहीत. अन्न, लाकूड, सोनं, दगड, बस.

शिवकाळात रेंगाळायचा मोह होईल. त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही उतरत राहा. सोळावं शतक ओलांडलं की ताटातली मिरची जाते, शेतातला मका आणि भुईमूग जातो, चंचीतली तंबाखू जाते. मग रोहिड्याचा आणि केंजळगडाचा तट गळून पडतो, डोंगर नुसते डोंगर उरतात. माणसांचं बोलणं आधी जुनाट वाटतं, मग अर्धं कळतं, मग कानावरून जातं. शेवटी तुम्हाला समजते ती फक्त बैलांना हाकण्याची भाषा.

इसवी सनाचं दुसरं शतक. नेमकं साल विचारू नका, त्यावर पंडितांचे वाद आहेत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीनं क्षहरात घराण्यातल्या नहपानाचा पाडाव केल्याला थोडी वर्षं झाली आहेत, एवढं पुरे. तुम्ही घाटाखाली, महाडजवळ, सावित्रीच्या खाडीच्या काठावर उभे आहात. गांधारपाल्याच्या डोंगरातून छिन्नीचा आवाज येतोय. कार्तिक सरलाय, पावसानं धुऊन नेलेल्या वाटा पुन्हा बांधून झाल्यात, आणि पाच-पंचवीस बैलांच्या एका तांड्यानं तुम्हाला हाताखाली घेतलंय. तुमच्या बोटांना घट्टे नाहीत हे म्होरक्याच्या लक्षात आलंय, पण माणूस कमी पडतोय म्हणून तो बोलत नाही.

गोण्यांत काय आहे बघा. तुम्ही सोन्याच्या शोधात आलात ना? गोण्यांत मीठ आहे. दोन बैलांवर सुके मासे, एकावर तांब्याचे तुकडे, बाकी सगळं मीठ. घाटावर माणसाला मीठ लागतं, गुराला लागतं, कातडं कमवायलाही लागतं, आणि ते तिथं पिकत नाही. खेळाच्या चार खात्यांत याला खातंच नाही.

“चला,” म्होरक्या म्हणतो. तुमच्या वाट्याचा बैल बसतो.

तुम्ही सवयीनं त्याच्याकडे बोट दाखवता आणि मग माथ्याकडे. बैल रवंथ करत राहतो. मागचा पोरगा हसत पुढे येतो, बैलाच्या पालाणाखाली हात घालतो आणि टोचणारी काडी बाहेर काढतो. बैल उठतो.

आता चढ. खालून पाहताना समोर सरळसोट काळा कडा होता, तुमच्या नकाशात काढला होता तसाच. पण तांडा कड्याकडे जातच नाही. तो आधी ओढ्यानं आत शिरतो, मग एका सोंडेवर चढतो, सोंडेवरून आडवा जातो, कारवीच्या रानातून वळतो, आणि मघाशी डोक्यावर असलेला कडा आता डाव्या हाताला बाजूला उभा दिसतो. डोंगर समोरून बघितला तर भिंत असते, हे खरं. पण बैलवाल्याला तो समोरून कधी बघायचाच नसतो. दर काही वळणांनी एक सपाट जागा येते, तिथं बैलांना दम खायला देतात. एके ठिकाणी झऱ्याखाली कातळात खळगा केलाय, त्यात ओंजळ-दोन ओंजळ पाणी साठतं. पोरगा आधी बैलांना पाजतो, मग स्वतः पितो, मग तुम्हाला खूण करतो. पुढचं पाणी थेट माथ्यावर. तुम्ही कड्यात सोडलेला तो एक चौकोन आता आठवून बघा. या एका चौकोनात सकाळपासून दुपार झाली आहे, अजून तो संपलेला नाही.

माथ्यावर एक माणूस सावलीत बसलाय. त्याला मोजदाद येते आणि त्याच्या मागे भाले घेतलेले दोघं आहेत, एवढ्यावर त्याचं काम चालतं. म्होरक्या त्याच्याशी घासाघीस करतो. इथं राजाचा हात दिसतो तो असा. इथून उत्तरेला, जुन्नरच्या वाटेवर, नाणेघाटात हाच हात खूप मोठा आहे. तिथल्या लेण्यात नागनिका राणीनं यज्ञांची आणि दानांची यादी कोरून घेतली आहे, गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे आकडेच्या आकडे. बाहेर तो प्रसिद्ध दगडी रांजण, जकातीचा म्हणून लोक आजही दाखवतात. एवढ्या दानाला पैसा कुठून आला याचं उत्तर लेण्यात बसून शोधायला नको, खिंडीत उभं राहिलं की वारा जिकडून येतो तिकडूनच तो येत होता. बंदरावर जहाज लागतं, माल घाट चढतो, पैठणला आणि तेरला जातो, आणि घाटमाथ्यावर बसलेला माणूस प्रत्येक पाठीवरचं काहीतरी काढून घेतो.

म्हणून तर भांडणं घाटांसाठी आणि त्यांच्या तोंडाशी असलेल्या बंदरांसाठी झाली. ‘पेरिप्लस’ हा पहिल्या शतकातला ग्रीक भाषेतला व्यापाऱ्यांचा ग्रंथ सांगतो की कल्याण बंदरात चुकून शिरलेल्या ग्रीक जहाजांना पहाऱ्याखाली भडोचला नेत असत. कल्याणवर हल्ला नाही, जाळपोळ नाही. फक्त गिऱ्हाईक दुसऱ्या दारात नेऊन उभं करायचं. कल्याण सुकलं की त्याच्यामागचे घाट सुकणार. तुम्ही खेळात शत्रूच्या नगरकेंद्रावर हत्ती घालता, त्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

रात्रीचा मुक्काम उगमाजवळ. नीरा इथं एवढीशी आहे की बैल ती न थांबता ओलांडतात. भात, कुळथाचं कढण, तोंडी लावायला तुमच्याच गोणीतला सुका मासा. तिखट हवं असेल तर मिरी आहे, पण ती तुम्हाला कोण देणार? जेवण झाल्यावर एक म्हातारा बैलवाला कातळावरची धूळ हातानं झटकतो. खाली रेघा आहेत, एकमेकींना छेदणाऱ्या, जुन्या. असे पट महाराष्ट्रातल्या लेण्यांत आणि गडांवर पुष्कळ ठिकाणी कोरलेले सापडतात. कुणी आणि कधी कोरले हे दगड सांगत नाही, तेव्हा या म्हाताऱ्याचा पट माझ्या पदरचा समजा. त्याचं बोलणंही मी मावळातल्या आजच्या बोलीत देतोय, त्याच्या प्राकृतावर माझी हुकमत नाही.

“वाघ घेता का शेळ्या, पाव्हणं?”

तुम्ही वाघ घेता. प्रश्नच नव्हता.

“समदे नवखे वाघच घेत्यात,” म्हातारा म्हणतो आणि खडे मांडायला लागतो.

नियम सोपे आहेत. वाघ मोजके, शेळ्या पुष्कळ. शेळीच्या पलीकडचं घर मोकळं असेल तर वाघ तिच्यावरून उडी मारतो आणि ती खातो. शेळीला मारता येत नाही. तुम्ही सुरुवातीला दोन शेळ्या पटापट खाता आणि हुशारी अंगात येते. म्हातारा तक्रार करत नाही. तो एक खडा ठेवतो, त्याच्या पाठीला दुसरा ठेवतो, मग बाजूला तिसरा. तुम्हाला उडी मारायला जागा लागते आणि जागा कमी होत चालली आहे, हे लक्षात येईपर्यंत एक वाघ कोपऱ्यात बसलेला असतो. जिवंत आहे, धडधाकट आहे, हलता येत नाही.

“त्याला मारायचं नस्तं,” म्हातारा समजावतो, “त्याच्या वाटा भरायच्या.”

संगणकावरच्या कुठल्याही लढाईपेक्षा हा कातळावरचा डाव या मुलखाला जास्त जवळचा आहे, असं माझं मत आहे. दोन्ही बाजूंची ताकद सारखी नाही, सोंगट्या सारख्या नाहीत, जिंकण्याची व्याख्याही सारखी नाही. तुमच्या खेळात दोघांनाही तीन गावकरी आणि एक नगरकेंद्र मिळतं, म्हणून तो न्याय्य वाटतो. सह्याद्रीत कुणालाही सारखं काही मिळालेलं नाही. अफजलखानाला जावळीच्या झाडीत कसं आणलं ते आठवा. खान वाघ होता. त्याच्या वाटा आधीच भरल्या होत्या.

हरलात, तर काहीतरी द्यावं लागतं. तुमच्याकडे द्यायला काही नाही, म्हणून म्होरक्याच तुमच्या वतीनं कमरेच्या कशातून एक चांदीचं नाणं काढतो आणि वात्रटपणे तुमच्या मजुरीत धरतो. ते म्हाताऱ्याकडे जायच्या आधी जाळापाशी धरून बघा. एका बाजूला तीन कमानींचा डोंगर, त्याच्याखाली नदीची नागमोडी रेघ. हे सातवाहनांचं चिन्ह. पण डोंगराच्या आडून एक नाक बाहेर आलंय. थोडी हनुवटी, कानाची पाळी, कडेला ग्रीक अक्षरांचे तुकडे. नहपानाचा चेहरा. गौतमीपुत्रानं हरवलेल्या शत्रूची नाणी वितळवली नाहीत, त्यांच्यावर आपला डोंगर ठोकला आणि पुन्हा बाजारात सोडली. १९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभीला अशा नाण्यांचा हंडा सापडणार आहे, तेरा हजारांहून अधिक नाणी, त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर हा दुसरा ठसा.

मला या ठशाचं फार कौतुक वाटतं. तुम्ही खेळात काय करता? शत्रूची घरं पाडता, शेतं जाळता, शेवटचा गावकरी नकाशाच्या कोपऱ्यात शोधून मारता, तेव्हा कुठं पडदा ‘विजय’ म्हणतो. गौतमीपुत्रानं तसं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी जकात कोण देणार होतं? नहपानाचा जावई उषवदात मोठा दाता होता. त्यानं नाशिकला लेणं दिलं, नद्यांवर फुकट नावा ठेवल्या, गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापणं ठेव म्हणून ठेवली. दोन हजारांना दरमहा शेकडा एक, उरलेल्या हजाराला शेकडा पाऊण, अशा व्याजानं, आणि त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांचा आणि इतर खर्च. कार्ल्याच्या भिक्षूंना त्यानं करजिक नावाचं गाव दिलं होतं. लोक अशा माणसाला विसरत नाहीत. मग सातवाहनांचा हुकूम मामालच्या अमात्याला जातो, मामाल म्हणजे मावळ असं अभ्यासक मानतात, की तेच गाव त्याच भिक्षूंना दिलं आहे. आता आमच्याकडून. नाशिकलाही तसंच. वैजयंतीच्या विजयी छावणीतून, राज्याच्या अठराव्या वर्षी, गोवर्धनच्या अमात्याला आज्ञा निघते की आजवर उषवदाताच्या उपभोगात असलेलं दोनशे निवर्तनं शेत त्रिरश्मी डोंगरावरच्या भिक्षूंना द्यावं.

इथपर्यंत सगळं खेळासारखं आहे. हुकूम दिला, काम झालं. तुम्ही पंचाहत्तर लाकूड मोजता, जमिनीवर बोट ठेवता, शेत तयार होतं, आणि एक गावकरी आपणहून त्यात राबू लागतो.

पण नाशिकच्या त्याच लेण्यात, त्याच भिंतीवर, सहा वर्षांनंतरचा दुसरा हुकूम आहे. चोविसाव्या वर्षाचा. त्यात राजा आणि राजमाता कळवतात की आम्ही दिलेलं ते शेत कुणी कसत नाही आणि ते गाव वसलेलं नाही. तेव्हा त्याऐवजी नगराच्या हद्दीवरचं, राजाच्या मालकीचं शंभर निवर्तनं शेत भिक्षूंना द्यावं. तीन समुद्रांचं पाणी प्यालेल्या घोड्यांचा हा धनी. मरणानंतर त्याची आई त्याच्या नावापुढे सह्य, मलय, महेंद्र अशा पर्वतांची माळ कोरून घेईल. आणि त्याच्या दानात दिलेल्या दोनशे निवर्तनांत सहा वर्षं गवत वाढलं, कारण नांगर धरायला कुणी गेलं नाही. गाव का ओस पडलं, लढाईनं की दुसऱ्या कशानं, ते हुकमात लिहिलेलं नाही. पण तसं दगडावर कबूल करायला राजा लाजला नाही, हे विशेष. अर्धी जमीन का होईना, कसणारी माणसं जवळपास असतील अशी दिली.

म्हाताऱ्याला यातलं काही सांगू नका. त्याला नाशिक माहीत नाही, राजाचं नावही धड येत नाही. त्यानं नाणं तळहातावर तोललं, दातानं चावलं आणि कशात टाकलं. नाक कुणाचं, डोंगर कुणाचा, हे त्यानं पाहिलंच नाही.

पहाटे निघा. आता उताराला नीरा सोबत आहे. आज जिथं नीरा-देवघरचं पाणी पसरलेलं असतं, त्याच्या तळातून तुम्ही चालताय, दोन्ही बाजूंना हिरड्याची आणि ऐनाची झाडं. उजव्या हाताला रायरेश्वराचं पठार दिवसभर सोडत नाही, मग पुढे रोहिड्याचं डोकं. तटबंदी नाही, ध्वज नाही, म्हणून तुम्हाला ते रिकामं वाटतं. पोरगा मात्र माथ्याकडे बघून काहीतरी पुटपुटतो आणि वाटेवरच्या दगडांच्या ढिगात आपला एक दगड टाकतो. तुम्हीही टाका. भोरच्या जागी उतार आहे, बैल गुडघाभर पाण्यातून जातात. तुमची गल्ली नेमकी कुठं येते हे ठरवायचा प्रयत्न कराल, पण ओळखायला झाड नाही की घर नाही, आणि मागचा बैल ढोसतोय.

शिरवळला तांडा सुटतो. जवळच्या डोंगरात लेणी आहेत. अगदी साधी, नक्षी जवळजवळ नाही, चैत्यगृहात एक दगडी स्तूप. तुम्हाला कार्ल्याची भव्यता अपेक्षित असेल तर निराश व्हाल. भिक्षूंकडे थोडं मीठ पोचतं, ते मोजलेलं नसतं. बाकीचं तराजूवर जातं. एकजण दक्षिणेला वाईच्या वाटेला लागतो, दोघं पूर्वेला, लांबच्या तेरकडे. म्होरक्या मिठाच्या भावावरून भांडतोय, त्याचं बोलणं आता तुम्हाला थोडंथोडं कळू लागलंय. माथ्यावरच्या त्या मोजणाऱ्यानं किती घेतलं, ते तो भावात चढवायला बघतोय आणि समोरचा मान हलवतोय. हे भांडण सरलं नाही तरी संध्याकाळपर्यंत सुती कापडाचे गठ्ठे आणि धान्य भरून तांडा परत फिरणार, कारण खाडीवर नाव थांबलेली आहे आणि भरतीला कुणी थांबवत नाही.

पोरगा तुमच्या बैलावर गठ्ठे चढवतो. त्यानं बांधलेला दोर सोडून तुम्हाला पुन्हा बांधायला लावतो. चढताना ओझं मागे सरकतं म्हणून छातीवरचा पट्टा आवळायचा होता. परतीला घाटाचा उतार आहे, ओझं मानेवर येणार. तेव्हा दोर शेपटीखालून घ्या, खोगीर मागे ओढा, गाठ सैल नको आणि काचेल इतकी घट्टही नको. नाही जमली? सोडा, परत बांधा.